द्वैती तारे आणि आपले अद्वैत

'अद्वैत' हा शब्द आम्ही मराठीच्या वर्गात सहज उच्चारतो. त्याचे मोल मात्र आम्हांला द्वैती ताऱ्यांनी दाखवून दिले. वृषभ राशीतील 'व्ही ४७१ टॉरी' या जोडीत एक श्वेतबटू आणि सूर्याहून काहीसा थंड तारा सुमारे १२.५ तासांत परस्परांभोवती फेरी पूर्ण करतात. श्वेतबटू पूर्वी राक्षसी तारा होता. त्या वेळची त्याची त्रिज्याच दोघांमधील आजच्या अंतराहून कितीतरी मोठी असली पाहिजे. मग हे इतके जवळ आले कसे?

१९७६ साली बोहदान पाचिन्स्की यांनी याची उपपत्ती मांडली. फुगलेल्या ताऱ्याच्या वायूने सोबत्यालाही कवेत घेतले. त्या सामायिक आवरणातील घर्षणाने कक्षा आक्रसत गेली आणि तिने गमावलेल्या ऊर्जेने आवरणच दूर फेकले गेले. ती ऊर्जा अपुरी पडती, तर दोघांचा मिळून एकच तारा उरता.

म्हणजे येथे द्वैत टिकले ते आवरण टिकले नाही म्हणून. हा टप्पा ताऱ्याच्या आयुष्यमानाने क्षणभराचा. उरलेल्या कक्षेवरूनच तो वाचावा लागतो. सहजीवनाच्या कथा शिकवताना आम्ही आता एकरूपतेचे कौतुक जरा आवरते घेतो आणि जवळिकीसाठी कोणी काय टाकले, ते आधी शोधतो.