खिंड

चिकुनगुनियाचा ताप उतरला, पण बोटं आखडलेलीच राहिली. डॉक्टर म्हणाले, हात चालते ठेवा. एवढ्यात दिवाळी आली, आणि बेळगावात दिवाळी म्हणजे गल्लोगल्ली किल्ले. शेजारच्या पोरांनी अंगणात विटा, दगड, पोती आणून टाकली होती. मी त्यांच्यात लाल माती कालवायला बसलो.

पोरांना येळ्ळूरचा राजहंसगड हवा होता. मी पावनखिंडीवर अडून बसलो. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, १६६० च्या जुलैतली पावसाची रात्र, महाराज विशाळगडाकडे निघालेले, पाठीवर सिद्दी मसूद. दोन दगडांमध्ये चार बोटांची फट ठेवली आणि ओल्या चिखलात बोटानं वाट ओढली. बाजारातले मावळे गडाच्या मानानं फार मोठे, एकेक बुरुजाएवढा. लहानपणी हे कधी जाणवलं नव्हतं. आता जाणवलं, तरी बदलावंसं वाटलं नाही.

मग मावळे हलवून पाहिले. फटीत तिघे उभे केले की समोर कितीही फौज आणा, भिडायला तिघेच पुढे येतात. लहानपणी मला इथं तलवारी दिसायच्या. आता दिसतं ते मागं राहणं. राजा पुढं गेला, आपण तोफांचे आवाज कानी येईपर्यंत थांबायचं. पन्नाशीत बाजीप्रभूंकडे बघताना छातीत काहीतरी हलतं. काय, ते नीट धरता येत नाही.

"काका, बाजीप्रभूंच्या मागं कोण ठेवू?" धाकट्यानं विचारलं.

"कुणी नको. वाट मोकळी राहू दे."

त्याला ते पटलं नाही. त्यानं तिथं वाघ ठेवला.