साडेपाच तासांची चूक

वाचकहो, घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती मोबाइल समोर धरून 'मला हे काही जमत नाही' असे म्हणते, तेव्हा आपण काय करतो? बहुधा तो मोबाइल त्यांच्या हातातून घेतो, पडद्यावर दोन-तीनदा बोट फिरवतो आणि 'हे बघा, झाले' असे म्हणून परत देतो. मीही वर्षानुवर्षे हेच करीत आलो. संगणकासाठी सॉफ्टवेअर लिहिणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे पडद्यावर काय चुकले हे आपल्याला नक्की कळते, असा माझा समज होता. तो समज कसा दूर झाला, हे आज आपल्याला सांगावेसे वाटते. ही गोष्ट सॉफ्टवेअरची असली, तरी तिच्यात एका वृद्धाच्या जिवाला घोर लागला होता.

२०१८ सालच्या हिवाळ्यातील ही हकिगत. बारामतीतील एका छोट्या रक्ततपासणी प्रयोगशाळेसाठी मी नावनोंदणीचे पान तयार केले होते. रुग्णाचे नाव, तपासणीचा दिवस आणि वेळ भरली, की त्याच्या मोबाइलवर संदेश जाई. संदेशातील दुव्यावर बोट ठेवले, की त्याला आपली वेळ दिसे. माझे मामा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकीला त्यांचे घर. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेले, त्यामुळे घंटेच्या ठोक्याला बांधलेले. मधुमेह होऊन पंधरा वर्षे झाली होती. त्यांची उपाशीपोटीची तपासणी मी माझ्या संगणकावरून सकाळी आठची नोंदवली आणि दुवा पाठवून दिला. वेगळा फोन करून वेळ सांगण्याची गरज मला वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास मामांच्या क्रमांकावरून फोन आला. आवाज मात्र एस.टी.च्या वाहकाचा होता. बसने अंथुर्णे सोडले आणि मामांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. शेजारच्या सीटवरील एका बाईंनी प्रसंग ओळखला. त्यांच्याही घरी मधुमेहाचे माणूस असावे. त्यांनी बाजाराच्या पिशवीतून गुळाचा खडा काढून मामांना दिला आणि भवानीनगरला वाहकाने जास्त साखरेचा चहा आणून पाजला. मामा सावरले. परंतु आदल्या रात्री आठला जेवलेला हा माणूस सोळा तास उपाशी होता आणि सवयीप्रमाणे सकाळी सातला त्याने साखरेची गोळीही घेतलेली होती.

बारामतीला घरी आणून त्यांना जेवू घातले आणि मग मी विचारले, "मामा, आठची वेळ होती. तुम्ही दुपारी कसे निघालात?"

"मला तर दीड दिसले होते," ते म्हणाले.

मी माझा फोन काढून त्यांच्यापुढे धरला. त्यावर स्पष्ट 'सकाळी ८' असे होते. "हे बघा. नीट वाचायचे ना!" मी म्हणालो. मामांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि हळूच म्हणाले, "माझंच चुकलं असेल रे. आता डोळ्यांवर भरवसा नाही राहिला."

ते वाक्य मला तेव्हा टोचले नाही, याची आज लाज वाटते. संध्याकाळी परत निघताना त्यांनी आपला फोन माझ्या फोनशेजारी ठेवला. "तू एकदा यात बघ. माझ्या समाधानासाठी." तो फोन नातवाने वापरून जुना झालेला, मामांकडे आलेला होता. मी दुवा उघडला. एका फोनवर 'सकाळी ८', दुसऱ्यावर 'दुपारी १.३०'. पान तेच, नाव तेच, आणि दोन्ही माझ्याच हातचे.

असे का झाले, ते थोडक्यात सांगतो. संकेतस्थळ आपण ज्या अ‍ॅपमधून पाहतो त्याला ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, सफारी ही त्यांतील काही नावे. पाठवलेला मजकूर पडद्यावर मांडण्याचे काम ब्राउझर करतो आणि त्यासाठीचे नियम एका प्रमाणग्रंथात लिहिलेले असतात. तारीख आणि वेळ पाठवली, पण ती कोणत्या देशाची वेळ हे लिहिले नाही, तर काय समजावे? २००९च्या नियमानुसार ती जागतिक प्रमाणवेळ समजायची होती. २०१५च्या नियमानुसार ती वाचणाऱ्याची स्थानिक वेळ समजायची असे ठरले. माझ्या नव्या ब्राउझरने नवा नियम पाळला आणि आठचे आठच दाखवले. मामांच्या जुन्या ब्राउझरने जुना नियम पाळला. जागतिक वेळेचे आठ म्हणजे भारतातील दुपारचे दीड, कारण आपली प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे आहे. दोन्ही ब्राउझर आपापल्या जागी प्रामाणिक होते. आठ हे कुठले आठ, हे लिहायला मी विसरलो होतो.

आपल्यापैकी काही ज्येष्ठांना वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली 'मुंबई टाइम'ची गोष्ट आठवत असेल. भारतीय प्रमाणवेळ १९०६मध्ये आली, तरी मुंबई शहराने तिच्याहून एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली आपली जुनी वेळ १९५५पर्यंत जपली. त्या काळात कुणी 'आठला भेटू' म्हटले, की 'कोणत्या आठला?' असे विचारणे हा शहाणपणा होता. तो साधा प्रश्न माझ्या सॉफ्टवेअरने विचारला नाही आणि मीही नाही.

आमच्या व्यवसायात एक वाक्य चेष्टेने म्हटले जाते: 'माझ्या संगणकावर तर चालते आहे.' ग्राहकाची तक्रार आली, की पहिले उत्तर हेच. हसण्यावारी नेलेले हे वाक्य मी त्या दिवशी मामांना खरोखरच ऐकवले होते, तेही उपासाने थकलेल्या माणसाला. आपणही घरात त्याचेच भावंड वापरतो: 'माझ्या फोनवर तर दिसते आहे.' या वाक्याने समोरच्याचा प्रश्न सुटत नाही. आपले डोळे, आपली बोटे, आपली बुद्धी आता कामाची राहिली नाही, असे मात्र त्याला वाटू लागते. मामा त्यानंतर काही दिवस घरातले वीजबिलही स्वतः वाचीत नसत. नातसुनेला वाचायला लावीत.

पुढचा भाग याहून बोधप्रद आहे. मी त्याच रात्री चूक दुरुस्त केली. वेळेपुढे साडेपाच तासांचा फरक दाखवणारी सहा अक्षरे जोडली, दुरुस्त पान प्रसिद्ध केले आणि सकाळी मामांना फोन केला. "आता बघा." थोड्या वेळाने ते संकोचून म्हणाले, "अजून दीडच दिसतंय रे. पण असू दे." खरे सांगतो, एक क्षण माझ्या मनात पुन्हा तेच आले, की मामाच चुकीचे पाहत असतील. मग आदल्या संध्याकाळचे शेजारी ठेवलेले दोन फोन आठवले आणि मी म्हणालो, "मामा, तुम्हाला दिसते तेच खरे. मी येऊन बघतो."

निमगावला गेलो तेव्हा कारण सापडले. पान लवकर उघडावे म्हणून ब्राउझर एकदा आणलेल्या फायली फोनमध्ये साठवून ठेवतो आणि पुढच्या वेळी त्याच वापरतो. माझी दुरुस्त फाइल जुन्याच नावाची होती, म्हणून मामांच्या फोनने नवी आणलीच नाही. मी फाइलचे नाव बदलले, तेव्हा कुठे दुरुस्ती त्यांच्यापर्यंत पोहोचली. औषधांच्या बाबतीत आपण हे अनेकदा पाहिले असेल. डॉक्टर गोळीची मात्रा बदलतात, नवी चिठ्ठी फाइलमध्ये जाते. पण घरी डबीत गोळ्या भरणारी व्यक्ती कपाटाच्या दारावर चिकटवलेली जुनी चिठ्ठी पाहूनच भरत राहते. नवी चिठ्ठी लावली, की जुनी काढून टाकावी, हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे.

या अनुभवातून मी काही सवयी लावून घेतल्या. त्या आपल्यालाही उपयोगी पडतील. पडद्यावर अडले, की आधी 'तुम्हाला काय दिसते?' असे विचारावे आणि उत्तर शब्दशः ऐकून घ्यावे. जमल्यास पडद्याचे छायाचित्र मागवावे. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, जसे डॉक्टर एका वेळी एकच औषध बदलतात. नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडावे. फोनची तारीख आणि वेळ बरोबर आहे का ते पाहावे. ती चुकलेली असेल, तर चांगली संकेतस्थळेही 'असुरक्षित' म्हणून उघडत नाहीत. ज्येष्ठांनी अक्षरे मोठी केलेली असतील, तर काही पानांवर 'पुढे जा'चे बटण पडद्याबाहेर ढकलले जाते. अशा वेळी अक्षरे तात्पुरती लहान करून पाहावीत. ब्राउझर अद्ययावत ठेवावा. फोन फारच जुना असेल, तर नवे ब्राउझर त्यावर चढत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तपासणीची वेळ, औषधाची मात्रा आणि शस्त्रक्रियेचा दिवस या तीन गोष्टी केवळ पडद्यावर सोडू नयेत. फोन करून खात्री करावी आणि भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. उपाशीपोटीच्या साखर तपासणीसाठी साधारणतः किमान आठ तासांचा उपास पुरतो. वेळ दुपारची दिसली, तर तिथेच शंका घ्यावी. त्या सकाळी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घ्यावे की नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. घाम, थरथर, गोंधळ अशी लक्षणे दिसली किंवा रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, तर शुद्धीवर असलेल्या व्यक्तीला लगेच पंधरा ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चमचे, साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काही घालू नये; तातडीने रुग्णालय गाठावे.

आणि ज्येष्ठ वाचकहो, आपल्याला एक विनंती. पडद्यावरचे काही पटले नाही, तर 'माझेच चुकले असेल' असे म्हणून गप्प बसू नका. फोन शेजारी ठेवा आणि 'तू एकदा यात बघ' असे म्हणा. मामांनी तसे म्हटले नसते, तर माझी चूक सापडली नसती आणि पुढच्या आठवड्यात आणखी कुणी जुना फोन घेऊन दीड वाजेपर्यंत उपाशी राहिले असते.

प्रयोगशाळेच्या पानावर आता 'मंगळवार, सकाळी आठ वाजता, उपाशीपोटी' असे अक्षरांत लिहिलेले असते आणि आदल्या संध्याकाळी रुग्णाला फोनही जातो. मामांना मी नवा फोन घेऊन दिला. त्यांनी जुना मला दिला. तो आजही माझ्या टेबलावर आहे. कोणतेही नवे पान लोकांपुढे जाण्याआधी मी ते त्या फोनवर उघडून पाहतो.