सामाईक

आवाज मोठा नव्हता. तबल्याच्या चाटेला चुकून नख लागावं, तेवढाच. चट्. काकूंनी भूपातला गंधार लावून धरला होता, मागे तंबोरा झंकारत होता आणि त्या गंधाराच्या ऐन मध्यावर हे नख. मी रेकॉर्डिंग थांबवलं. काकूंनी डोळे उघडले.

"पुन्हा आलं का रे?"

"आलं."

"मग आता?"

आता काय, हे मला कुठे ठाऊक होतं! २००६ सालचा श्रावण. डोंबिवलीतली आमची दोन खोल्यांची जागा, खिडक्या बंद, पंखा बंद, दाराच्या फटीला चादर. समोर सतरंजीवर शेजारच्या काकू, घामाने डबडबलेल्या. शाळेतून संगीतशिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या या बाईंकडे त्यांच्या गुरुजींकडून आलेल्या चाळीसेक बंदिशी होत्या. कुठे छापायच्या नव्हत्या की विकायच्या नव्हत्या. नीट रेकॉर्ड करून चार शिष्यिणींच्या हाती द्यायच्या, एवढंच. स्टुडिओचं भाडं तासावर. मी बँकेत कारकून, पण हौस दांडगी. लॅमिंग्टन रोडवर सहा शनिवार घालवून सुटे भाग आणले होते आणि कॉम्प्युटर घरीच जुळवला होता. त्यातलं साउंड कार्ड तेवढं जुनं, कुणीतरी वापरून विकलेलं. दुकानदार म्हणाला होता, "चेक करके दिया है." त्या वाक्यावर मी पुढचे चार महिने चरफडत काढले.

चट्च्या आधी दोन दुखणी होऊन गेली होती. पहिलं अगदी बाळबोध. कार्ड स्लॉटमध्ये बसवलं, मागची पत्र्याची पट्टी स्क्रूने आवळली, मशीन चालू केलं, तर विंडोजला कार्ड दिसेचना. काढून पुन्हा बसवलं, दिसलं. स्क्रू आवळला, गेलं. कॅबिनेटचा पत्रा किंचित वाकडा होता. पट्टी आवळली की कार्डाचं पलीकडचं टोक केसभर वर उचललं जायचं. स्क्रू अर्धाच आवळायचा, हे कळायला दोन संध्याकाळी गेल्या. असो.

दुसरं दुखणं गुणगुणीचं. ते मे महिन्यातलं. कुणी गात नसताना हेडफोनमध्ये एक खालचा, जाड, न संपणारा आवाज. मी तो यंत्राचा आवाज म्हणून ऐकत होतो. काकूंनी हेडफोन कानाला लावला आणि कपाळाला आठी घातली.

"हा कोण षड्ज धरून बसलाय? आणि तोही चढा!"

मी हसलो. पण रात्री कागद घेऊन बसलो तेव्हा हसू मावळलं. काकूंची पट्टी पांढरी पाच. म्हणजे त्यांचा षड्ज सेकंदाला १९६ कंपनांचा. आपल्या घरातली वीज ५० वेळा हेलकावते आणि तिची गुणगुण ५०वर थांबत नाही. १०० आणि २०० अशी तिची वरची रूपंही सोबत येतात. १९६ला खेटून २००. दोन सूर असे एकमेकांच्या अंगावर बसले की सेकंदाला चार हिसके देतात. म्हणजे आमच्या भिंतीतली वीज पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये कुठेतरी, ना धड इकडे ना तिकडे, ठाण मांडून होती. तंबोऱ्याशी भांडत होती. काकूंना वारंवारता म्हणजे काय ते सांगावं लागलं असतं. चढा षड्ज मात्र सांगावा लागला नाही.

खरं तर या दुखण्याचं निदान घरात आधीच झालेलं होतं, माझंच लक्ष नव्हतं. बायको पुसापुशी करताना दोनदा म्हणाली होती, "तुमचा कॉम्प्युटर चावतो हो." मी "काहीतरीच" म्हणून सोडून दिलं होतं. हाताची उलटी बाजू कॅबिनेटवरून हलकेच फिरवली तर खरंच मुंग्या आल्या. भिंतीवरच्या प्लगला तीन भोकं होती; वरच्या मोठ्या भोकामागे तारच नव्हती. अर्थिंग फक्त दिसण्यापुरतं. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून पत्र्यावर थोडी वीज झिरपतेच, तिने जमिनीत जायचं असतं. तिला जमीन मिळाली नाही, म्हणून ती माइकांच्या मिक्सरच्या केबलमधून वाट काढत होती आणि वाटेत गात होती.

इलेक्ट्रिशियन "उद्या येतो" म्हणाला आणि नऊ दिवसांनी आला. त्या नऊ दिवसांतली एक संध्याकाळ मला अजून आठवते. भारनियमनाचे दिवस होते. वीज नुकतीच परत आली होती, कधी जाईल याचा नेम नव्हता. काकूंनी तंबोरा लावला, हेडफोन घातला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"आज लागलाय की रे तुझ्या मशीनचा!"

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी ऐकलं. गुणगुण होती तेवढीच होती, पण हिसके नव्हते. ती तंबोऱ्याच्या पोटात शिरून मुकाट बसली होती. मी काहीच बदललं नव्हतं. उलगडा पुढे कधीतरी झाला. विजेची मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की जनित्रांचा वेग मंदावतो आणि ५०ची वारंवारता घसरते. टंचाईच्या त्या वर्षांत ती संध्याकाळी ४९च्या आसपास उतरायची. ४९ चोक १९६. पांढरी पाच! कोयनेची, कोराडीची, गुजरातेतल्या उकाईची जनित्रं एकाच जाळ्याला जोडलेली, एकाच लयीत फिरणारी. लाखो घरांत पंखे, गिरण्या, पंप लागले होते, आणि त्या सगळ्यांच्या ओझ्याने राज्याराज्यांमधला तो सामाईक तंबोरा एवढा उतरला की डोंबिवलीतल्या एका बाईच्या षड्जाशी जुळला. अर्ध्या तासाने वीज गेली ते सोडा.

अर्थिंगची तार आली, मिक्सर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर आले, गुणगुण गेली. उरलीसुरली पंख्याच्या रेग्युलेटरची होती, म्हणून पंखाही बंद. आणि मग पावसाबरोबर हे चट् आलं.

गुणगुण निदान प्रामाणिक असते, सतत असते. चट् लबाड. वीस मिनिटं येणार नाही आणि मग एका तानेत तीनदा येईल. मी केबल बदलल्या, माइक बदलला, विंडोज पुसून नव्याने टाकलं. ऑफिसातल्या मित्रांचं एकच पालुपद, नवीन घे. ही सूचना करणाऱ्याला काही येत नसतं, एवढं माझं मत तेव्हा पक्कं झालं. मग बफर वाढवून पाहिला. बफर म्हणजे गळतीखाली ठेवलेली बादली: आवाजाचे थेंब तीत साठतात आणि भरली की कॉम्प्युटर उचलून नेतो. आमची बादली १२८ थेंबांची होती. सेकंदाला ४४,१०० थेंब या हिशोबाने ती तीन मिलिसेकंदांच्या आत भरते. ती १०२४ची केली तर चट् कमी झालं, पण काकू गाता गाता अडखळायला लागल्या. "माझ्या मागून कुणीतरी गातंय रे." बरोबर होतं. त्यांचा आवाज आत जाऊन हेडफोनमध्ये परत यायला आता शेहेचाळीस मिलिसेकंद लागत होते. हवेत आवाज तेवढ्या वेळात पन्नासेक फूट जातो. म्हणजे काकू सतरंजीवर आणि त्यांचा गळा जिन्यापलीकडे. बादली पुन्हा लहान केली.

शेवटी एका रात्री विंडोजमध्ये उपकरणांची यादी उघडून बसलो आणि इंटरप्टच्या रकान्यात अकरा नंबरच्या ओळीपुढे तीन नावं दिसली: साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड आणि यूएसबी. एकाच ओळीवर तिघं.

ते पाहिलं आणि मला गिरगावातली आमची चाळ आठवली. चार मजल्यांत फोन एक, तळमजल्यावरच्या बिऱ्हाडात. बाकी सगळ्यांच्या लग्नपत्रिकांवर तोच नंबर, पुढे कंसात पी.पी. फोन खणाणला की त्या घरच्या वहिनी उचलायच्या, कोण हवंय ते विचारायच्या आणि चौकात येऊन हाक मारायच्या. तिसऱ्या मजल्यावरचा माणूस चपला शोधून, लेंगा सावरून खाली येईपर्यंत पलीकडच्याने कंटाळून ठेवून दिलेला असायचा. आणि दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ होते, त्यांचा फोन आला की पाऊण तास. तेवढ्यात कुणाच्या घरी कोण गेलं, कुणाला मुलगा झाला, सगळं पलीकडे वाट पाहत थांबायचं.

कॉम्प्युटरच्या पोटात हेच चाललं होतं. जुन्या रचनेत लक्ष वेधून घ्यायच्या ओळी सोळाच, शून्य ते पंधरा. एक कीबोर्डाची, आठ घड्याळाची, चौदा आणि पंधरा डिस्कच्या. अशा करत हाताशी चार-पाच उरतात. पुढे पीसीआय स्लॉट आले ते एक ओळ अनेकांनी वाटून घेण्याच्या बोलीवरच. ओळ वाजली की विंडोज एकेकाला विचारतं, तुझं काही होतं का? नाही. तुझं? नाही. तुझं? आणि मधला एखादा बोलतच बसला, तर तोवर माझी १२८ थेंबांची बादली भरून सांडते. लाटेचा एक तुकडा गळतो, तुटलेली टोकं एकमेकांवर आपटतात. चट्. रस्ता अरुंद होता असंही नाही. सेकंदाला १३३ मेगाबाइट माल नेणाऱ्या त्या रस्त्यावर काकूंच्या दोन माइकांचा माल पाव मेगाबाइटच्या आसपास. अडचण रुंदीची नव्हती, नंबर लागण्याची होती.

दुसऱ्या दिवशी मदरबोर्डाचं पुस्तक शोधलं, गाद्यांखाली सापडलं. शेवटच्या पानांत एक तक्ता होता: कुठल्या स्लॉटची ओळ कुणाशी सामाईक आहे त्याचा. बनवणारे प्रत्येक स्लॉटला तारा फिरवून जोडतात, म्हणून जागा बदलली की शेजारी बदलतो. आमचा पहिला स्लॉट ग्राफिक्स कार्डाशेजारी, नेटवर्कच्या ओळीत, सगळ्यात गजबजलेला. चाळीत जिन्याखालची खोली असते तसा.

मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो, काकू तंबोरा घेऊन. त्याची जवारी बसली होती. घोडीवर तारेखालचा पांढरा दोरा त्या नखाने केसभर पुढे सारायच्या, तार छेडायच्या, कान लावायच्या, केसभर मागे घ्यायच्या. एका जागी तार एकदम खुलली, मधमाश्या उठाव्यात तशी.

"तू तुझं कार्ड सरकव, मी माझा दोरा सरकवते," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या स्लॉटमध्ये चट् कमी झालं, गेलं नाही. बायोसमध्ये शिरून प्रिंटरचं आणि सीरियल पोर्टांचं दार बंद केलं. तीन, चार, सात या ओळी मोकळ्या झाल्या. थोडा फरक. मग नेटवर्क कार्ड बंद केलं. पाऊण तास काकू गायल्या. काही नाही. शास्त्र म्हणून साउंड कार्ड पुन्हा पहिल्या स्लॉटमध्ये टाकलं, नेटवर्क बंदच ठेवलं. तरी काही नाही. म्हणजे कार्डाचा दोष नव्हताच. लॅमिंग्टन रोडवरच्या त्या माणसाने खरंच चेक करून दिलं होतं. त्याला मनातल्या मनात घातलेल्या शिव्या मी मनातल्या मनातच परत घेतल्या.

अडतीस बंदिशी दिवाळीच्या आधी पुऱ्या झाल्या. दोन राहिल्या, त्यांचे अंतरे काकूंना आठवेनात.

आता घरात नवा कॉम्प्युटर आहे. त्यात ते स्लॉटच नाहीत. आवाज यूएसबीने येतो-जातो, काड्यापेटीएवढा डबा. जुना मी ठेवला आहे. त्यात इंटरनेट नाही, तेव्हापासून नाही. फाइल न्यायच्या तर पेनड्राइव्हने. सुनेला वाटतं तो बिघडलेला आहे.

दरवर्षी खंडेनवमीच्या आदल्या रात्री त्याला पलंगावर आडवा करतो, पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवतो आणि कार्ड बाहेर काढतो. पावसाळ्यात त्याच्या सोनेरी दातांवर एक धुरकट साय धरते. पेन्सिलीचा मऊ पांढरा खोडरबर तिच्यावर फिरवायचा. शाईचा खरखरीत नको, तो मुलामाच खरवडतो. करड्या वळ्या पडतात. त्या ब्रशने झाडायच्या, फुंकायच्या नाहीत, थुंकी उडते. तिसरा स्लॉट. स्क्रू अर्धा.

सकाळी कॅबिनेटला हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल बसतं. शेजारून काकू येतात, आता काठी टेकत. हेडफोन मागून घेतात. मी मशीन चालू करतो, माइक उघडा ठेवतो, काहीच लावत नाही. त्या डोळे मिटून बराच वेळ ऐकतात.

"पंखा," त्या म्हणतात.

मी उठून पंखा बंद करतो.