हात लावू दे की!

"ताई, सेन्सरी किट कुठलं मागवू?" दिवाळीच्या सुट्टीआधीच्या पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. तीस वर्षं बालवाडीत काढल्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे : काही मागवू नका. कडधान्यांचे डबे खालच्या फळीवर आणा आणि "हात लावू नकोस" हे वाक्य आठवडाभर बंद ठेवा. डबे सगळे जण खाली आणतात. वाक्य काही बंद होत नाही.

मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं. त्यांच्या साधनांचं मर्म एवढंच, की एका वेळी एकच फरक. नादाच्या डब्या दिसायला सारख्या, आवाज तेवढा वेगळा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा महागडी साधनं परवडणारी नव्हतीच. बिया, शिंपले, खडे, पानं यांवर काम भागलं. आपल्या फळीवर तर त्याहून जास्त माल असतो.

एकसारख्या सहा डब्या घ्या. दोनांत राजगिरा, दोनांत साबुदाणा, दोनांत वाल. झाकणं चिकटपट्टीने पक्की करा आणि जोड्या लावायला सांगा. आमच्याकडच्या एका साडेतीन वर्षांच्या मुलीने राजगिऱ्याची डबी कानाशी धरली, हलवली, थांबली, पुन्हा हलवली. मग मला म्हणाली, "ही हळू बोलते." जोडी तिने नंतर लावली, चुकीची. मी दुरुस्त केली नाही. वालाची डबी वाजल्यावर चूक तिची तिलाच कळली.

सुरुवातीच्या वर्षांत मी वास ओळखायला मुलांच्या डोळ्यांवर ओढणी बांधायची. हिंगाची पुडी नाकाशी नेली आणि एक मुलगा असा किंचाळला, की नंतर महिनाभर माझ्या जवळ येईना. आता मी फक्त "डोळे मिट" म्हणते. मुलं फटीतून बघतात. बघू देत.

"कसं लागतंय?" असं विचारलं की मूल "छान" म्हणतं आणि विषय संपतो. शब्द त्याच क्षणी आपण द्यायचा असतो. रवा खरखरीत, मैदा मऊसूत, भिजवलेला साबुदाणा चिकट, भेंडी बुळबुळीत. "तुरट" कोणाला समजावून सांगता येत नाही. आवळ्याची फोड दिली की जीभच सांगते. (तिखट ही खरं तर चव नव्हे, जिभेची जळजळ. कौतुकाने मिरची चाखवणाऱ्या काकांना हे जरूर ऐकवा.)

तीन वर्षांखालच्या मुलासमोर वाटाणे, शेंगदाणे, हरभरे ठेवू नका. ते घशात अडकतात, नाकातही जातात. त्याला परातीत पीठ द्या आणि शेजारी बसा. मोठ्या मुलालाही एकटं सोडू नका. कणकेला हात लावायला कचरणाऱ्याला आधी चमचा द्या. एखादं मूल रोजच्या आवाजांनी, कपड्यांच्या स्पर्शाने सारखंच कासावीस होत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा. घरच्या खेळाने ते सुटणारं नाही.

आणि यंदा तयार किल्ला आणू नका. माती आणा, कोरडी चाळायला द्या, मग पाणी घालून तुडवायला. फरशी खराब होईल, ती पुसता येते. पेरायला आणलेल्या हळिवांतले चमचाभर वाटीत पाणी घालून भिजवा. तासाभरात ते फुगून गिळगिळीत होतात. आधी तुम्ही बोट घाला. उरलेले किल्ल्यावर टाका, पण वसुबारसेच्या चार दिवस आधी. नाहीतर नरकचतुर्दशीला किल्ला बोडकाच राहतो.