वायच भियां

आमच्या शाळेत मी धीट समजली जाते. वर्गात साप निघाला की शेजारच्या वर्गातले गुरुजी मला हाक मारतात. मी मुलांना बाहेर काढते, दार लोटते आणि सर्पमित्राला फोन करते. एवढ्यालाच लोक धीट म्हणतात. पण तेवढंसुद्धा माझं स्वतःचं नाही. देवगड तालुक्यातल्या एका घरमालकीण काकींकडून ते मला मिळालं, आणि काकी आता नाहीत.

मी वाढले लालबागच्या चाळीत. तिथे काळोख कधी पुरता पडतच नसे. नव्वदच्या दशकात जिल्हा परिषदेच्या शाळेवर नेमणूक झाली आणि काकींच्या पडवीलगतची खोली भाड्याने मिळाली. संडास घरामागे, माडांच्या पलीकडे. मध्ये चिऱ्यांचा गडगा, पावसात कुजलेला पातेरा आणि डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. मी त्यावर उपाय काढला. दिवस मावळला की पाणी प्यायचं नाही, रात्रीची पेज नको म्हणायचं. बायकांना हा उपाय समजावून सांगायला नको.

काकींनी मला काही विचारलं नाही. उशाशी ठेवलेला तांब्या सकाळी तसाच भरलेला दिसला, त्यावरून त्या काय ते समजल्या. रात्री बॅटरी आणि काठी घेऊन दारात उभ्या. “चल गे बाय, माका पण जावचा आसा.” त्यांना जायचं नसायचं, हे मला फार उशिरा उमगलं.

“आदी उजेड टाक, मगे पाय.” हा पहिला धडा. काठी आपटत चालायचं, कारण सापाला जमिनीची थरथर जाणवते आणि बहुतेक वेळा तो वाट सोडतो. फुरसं मात्र पुष्कळदा जागचं हलत नाही. वेटोळं घालून अंगावर अंग घासत करकरत बसतं, म्हणून नुसत्या काठीवर विसंबायचं नाही. सरपण ओढण्याआधी काठीने हलवायचं. गडग्याच्या भोकात हात घालायचा नाही, मग आत चेंडू जावो की काजूची बी. मच्छरदाणी डासांसाठी असते अशी माझी समजूत होती. काकींच्या घरी ती मण्यारीसाठी होती, चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. बऱ्याचदा ना आग होत, ना सूज येत. पोटात कळा येतात, पापण्या आपोआप मिटायला लागतात, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो.

विहिरीवरची दिवड त्यांनी मला भर दुपारी दाखवली. भिंतीवर चढलेला कवड्या दाखवला. त्याचे पट्टे मानेपाशी ठळक, मण्यारीचे शेपटीकडे. “वळाखलंस म्हणान हात लावू नको,” हेही लगेच.

एका रात्री मी विचारलं, “काकी, तुम्हाला भीती कशी वाटत नाही?” त्यांनी आपला हात माझ्या हातात दिला. गार पडला होता. त्यांची धाकटी जाऊ मण्यार चावून गेली होती. आधी मांत्रिक झाला, मग डॉक्टर. “भियां जावचा नाय बाय. वायच ऱ्हवांदे.”

धैर्यावरची व्याख्यानं मी पुढे पुष्कळ ऐकली, कधी कधी शाळेत आयोजितही केली. पाहुणे बहुधा ‘भिऊ नका’च्या पुढे जात नाहीत. काकी ते कधीच म्हणाल्या नाहीत. त्यांनी माझ्या भीतीला काम नेमून दिलं.

एका पावसाळ्यात शाळेमागच्या गडग्यात माझ्या वर्गातल्या मुलाला फुरसं चावलं. त्याला बसवलं, पायातला काळा दोरा सोडला, पाय हलू नये म्हणून फूटपट्ट्या लावून सैल बांधला. इथवर ठीक होतं. मग वाडीतली वडीलधारी माणसं जमली आणि आधी मांत्रिकाकडे न्यायचं ठरवू लागली. सापापेक्षा मला त्यांची भीती जास्त वाटली. त्या गावात मी परकी, वयाने लहान, त्यात बाई. तरी मी मोठ्याने नाही म्हटलं. आवाज चिरकला, पण म्हटलं. गर्दीमागून काकी आल्या आणि कोणाशी एक शब्द न बोलता माझ्या बाजूला उभ्या राहिल्या. त्यांच्या जावेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. कोणीतरी मोटारसायकल काढली.

रुग्णालयात डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं तशीच ठेवली आणि मग तिरकी केली. रक्त गोठलं नव्हतं. इंजेक्शन सुरू झालं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर ते एकच चालतं आणि घोड्याच्या रक्तातून बनतं. परळच्या ज्या हाफकिन संस्थेवरून मी लहानपणी रोज जात होते, तिथे हेच काम चाले. मुलगा वाचला. माझे पाय मात्र त्यानंतर लटपटायला लागले ते रात्रीपर्यंत.

काकींचं ऋण मला फेडता आलं नाही, म्हणून जून उजाडला की वर्गात सांगते, इथेही सांगते. साप चावलेल्या जागी कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. माणसाला चालवू नका. 108 ला फोन करा आणि जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. मांत्रिकाला नारळ द्यायचाच असेल, तर माणूस घरी परतल्यावर द्या.