गुंठाभर आकाश

शहराच्या कडेला घेतलेला एक गुंठ्याचा प्लॉट म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. जुन्या मुंबई इलाख्यात जमीन मोजायची साखळीही ३३ फुटांची. तिचे १६ आणे पाडलेले असत. हॅम रेडिओवाल्याला ७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे ४० मीटरच्या बँडवर बोलायचं तर साधा डायपोल, म्हणजे तारेची अँटेना, लागतो ६६ फुटांचा. मधोमध तोडून केबल जोडली की दोन पाय होतात, प्रत्येकी ३३ फूट. मोजणीदाराची आणि रेडिओलहरींची कधी गाठभेट नव्हती, तरी दोघांचं माप जुळतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

जुळतं, पण मावत नाही. प्लॉटचा कर्णसुद्धा जेमतेम ४७ फूट. लुई वार्नी यांनी १९४६ मध्ये आखलेली जी५आरव्ही ही बहुबँड अँटेना जगभरच्या हॅमची लाडकी, पण तिची तार १०२ फूट. गुंठ्याच्या तीन बाजू फिरून आलं तरी तीन फूट उरतेच. मग तार आडवी ताणायचा हट्ट सोडावा. गच्चीवर खांब उभारून प्लॉटच्या मध्यावर, ३५ फुटांवर माथा धरावा आणि दोन्ही पाय समोरासमोरच्या कोपऱ्यांकडे ४५ अंशांत उतरवावेत. टोकं जमिनीपासून ११-१२ फुटांवर येऊन थांबतात, कुंपणाच्या आतच. प्रक्षेपण चालू असताना टोकांशी विजेचा दाब फार मोठा असतो, म्हणून ती हाताच्या टप्प्याबाहेर हवीतच.

आता बाकीचे बँड. हीच तार १४ मेगाहर्ट्झवर चालवू म्हटलं तर जमत नाही. तिथे तिच्या मध्याशी रोध हजारो ओहमवर जातो आणि ५० ओहमची केबल हात टेकते. म्हणून त्याच माथ्याखाली १४ साठी वेगळी जोडी बांधायची, निम्म्या लांबीची. साखळीच्या हिशेबात ७ चा पाय सोळा आणे, १४ चा आठ आणे, २८ चा चार आणे. २१ ला तर स्वतंत्र जोडी नकोच. २१ ही सातची तिप्पट, त्यामुळे लांब तारच तिथेही बोलते. अनुनाद थोडा वर सरकतो, तेवढं ट्यूनर सांभाळून घेतो.

दुसरे मार्गही आहेत. खांब उभारणं शक्य नसेल तिथे खिडकीपासून एकच ६६ फुटांची तार निघते, एका टोकाला ४९ : १ चा ट्रान्सफॉर्मर, आणि ती दोन बाजूंनी वळवली तरी ७, १४, २१, २८ या सगळ्यांवर चालते. उभी अँटेना दूरदेशी चांगली पोचते, पण जमिनीत तारांचं जाळं मागते आणि शेजारपाजारच्या इन्व्हर्टरची, एलईडी दिव्यांची खरखरही गोळा करते. मीटरभर व्यासाची चुंबकीय लूप बाल्कनीत राहते, मात्र वारंवारता जरा बदलली की पुन्हा जुळवणी.

तरी माझं मन त्या उतरत्या पायांच्या तारेकडेच जातं. ३५ फूट ही ७ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीइतकी उंची. एवढ्या कमी उंचीवरची तार बराचसा आवाज सरळ वर फेकते आणि आयनोस्फिअर तो काहीशे किलोमीटरच्या परिघात खाली पाठवतो. दूरच्या खंडांचं वेड असलेल्याला हा दोष वाटेल. मला ती देणगी वाटते. सकाळी ४० मीटरवर कोल्हापूर, नांदेड, गोवा, एकामागून एक हाक देतात, डोंगर आड येत नाहीत. जानेवारी २००१ मध्ये भूजच्या भूकंपाने दूरध्वनी बंद पडले तेव्हा हॅमनी निरोप पोचवले; अशा वेळी जवळचा जिल्हा ऐकू येणारी तार अमेरिका गाठणाऱ्या तारेपेक्षा जास्त मोलाची.

लहान जागेत सगळं एकदम हवं असं धरून बसू नये. आधी कोणाशी बोलायचं ते ठरवावं. विजेच्या तारांपासून खांब इतका दूर ठेवावा की कोसळला तरी त्यांना शिवणार नाही. पाय हिशेबापेक्षा हातभर लांब कापून, एसडब्ल्यूआर, म्हणजे केबल आणि तार किती जुळली ते दाखवणारा आकडा, बघत थोडेथोडे कमी करावेत. केबलचे सांधे पावसाआधी बंद करावेत आणि वळवाचे ढग दिसले की केबल सेटपासून सोडवून बाहेर काढावी. ७ च्या पायांपासून सुरुवात करावी. १४ चे आठ आणे दिवाळीनंतर, आकाश कोरडं झाल्यावर जोडता येतात.