प्रतीची प्रत

आमच्या विभागाने जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या महाविद्यालयाच्या सर्व्हरवर, एका आभासी यंत्रात ठेवल्या होत्या. त्या यंत्राची हुबेहूब प्रतिकृती दुसऱ्या इमारतीतील सर्व्हरवर दर १५ मिनिटांनी ताजी होई. जुनी अवस्था मात्र राखली जात नसे. मी निर्धास्त होतो. एका दुपारी माझ्याच हातून ओव्यांचा सबंध फोल्डर पुसला गेला. तासाभराने प्रतिकृतीकडे धाव घेतली, तर तिथेही तो नाही! मुळात घडेल ते इमानाने उतरवायचे, एवढेच तिचे काम. पुसणेही तिने उतरवले होते.

नकलकारांच्या चुका पोथीतून पोथीत कशा जातात, हे मी वर्षानुवर्षे शिकवत आलो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा अशाच अपपाठांतून त्यांना वाट काढावी लागली असणार.

संगणक विभागातील एका सहकाऱ्याने महिन्यापूर्वीचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेऊन कपाटात ठेवला होता. त्यातून बहुतेक ओव्या परत आल्या. मधल्या महिन्यात एका आजींनी सांगितलेल्या, मी थेट संगणकावर उतरवलेल्या १९ ओव्या तेवढ्या गेल्या. आजींकडे पुन्हा कोणत्या तोंडाने जावे, हे अजून ठरत नाही.